इन्याक मन्सूरांचं डावं पाऊल

युस्निदारच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या जरा वर, एक कायमचं टेंगूळ होतं. लहानपणी नारळ पडून आलेलं. कांपुंग जांबाकमध्ये माणसांच्या डोक्यांपेक्षा माडांची डोकी जास्त, त्यामुळे तिथे नारळ लागणं रोजचंच असेल असं बाहेरच्याला वाटायचं. पण अख्ख्या गावात नारळ लागलेलं माणूस एकच होतं. बाकीचे सगळे वेळेवर बाजूला झाले होते.

गावाला हे बाजूला होणं शिकवलं होतं युस्निदारच्या सख्ख्या मामांनी. टेंगूळही त्यांच्याच डोळ्यांदेखत आलं होतं.

मामांचं नाव मन्सूर. पुढचे दात तरुणपणीच गेले, गाल आत बसले, आणि केस काळेभोर असतानाच लोक त्यांना ‘इन्याक’ म्हणजे आजोबा म्हणायला लागले. त्यांनी तेही बिनतक्रार घेतलं. पोटाचा धंदा माकडाचा. कापितान नावाचं एक आडदांड माकड त्यांनी पाळलं होतं. त्याला लांब दोरी बांधून लोकांच्या माडांवर चढवायचं आणि नारळ उतरवून घ्यायचे. सकाळी त्यांची सायकल निघायची ती बघण्यासारखी. पुढे इन्याक घाम गाळत पॅडल मारताहेत, मागे कॅरियरवर कापितान हाताची घडी घालून बसलाय, आणि वाटेत भेटणारे लोक आधी माकडाची विचारपूस करताहेत.

कापितान जात्याच तिरसट. वर गेला की नारळ पिरगाळायचा, खाली इन्याक कुठे उभे आहेत ते नीट बघायचा आणि मगच सोडायचा. इन्याक डावं पाऊल मागे घ्यायचे, अंग तिरपं करायचे. नारळ खांद्याजवळून जाऊन मातीत रुतायचा. इन्याक वर बघून म्हणायचे, “छान होता. पुढचा.”

आजूबाजूच्या गावांत सिलेकचे, म्हणजे तिकडच्या हातघाईच्या विद्येचे, गुरू पुष्कळ. कुणाच्या पणज्याला वाघाने स्वप्नात येऊन डाव शिकवले होते, कुणी डोंगरात उपाशी बसून विद्या मिळवली होती. इन्याकना विचारलं की ते म्हणायचे, “मला माकडाने शिकवलं. ते वरून फेकायचं, मी खालून सरकायचो.” असं बोलणाऱ्याकडे शिष्य फिरकू नयेत. पण संध्याकाळच्या नमाजानंतर युस्निदारच्या अंगणात निम्मं गाव जमायचं. दुसऱ्या गुरूंकडे हात मोडायचे, पाय मोडायचे. इथे मोडल्या तर फक्त युस्निदारच्या मिरच्या मोडायच्या.

शिकवणं एकच होतं.

“समोरून हात आला? येऊ दे. डावं पाऊल मागे. अंग तिरपं. आता त्याला जाऊ दे. त्याला कुठेतरी जायचं असेल, आपण कशाला आडवं यायचं?”

“इन्याक, मारायचं कधी शिकवणार?” नवीन पोरं विचारायची.

“आधी हे येऊ दे.”

ते कधी पुरतं आलं असं इन्याकना वाटलंच नाही, त्यामुळे पुढचा धडा काही निघाला नाही. पहिल्या तुकडीची पोरं आजोबा झाली तरी बाजूलाच होत होती.

शिष्य करून घ्यायची रीत मात्र इन्याक अगदी चोख पाळायचे. विड्याची पानं, मूठभर मीठ, सुई-दोरा आणि एक कोंबडा, एवढं घेऊन आल्याशिवाय अंगणात पाऊल टाकायचं नाही. मीठ आणि पानं संपायची. कोंबडे संपत नसत. शिष्याचा कोंबडा कापणं म्हणजे शिष्य कापण्यासारखं, असं इन्याकांचं म्हणणं. त्यामुळे युस्निदारच्या घराभोवती पहाटे जो आरडाओरडा चालायचा त्याने मशिदीतली बांगही ऐकू येईना. शिवाय ते कोंबडे वर्षानुवर्षं अंगणात बसून सगळं बघत होते. त्यातला एकही पुढे कुणाच्या हाती लागला नाही.

युस्निदारला हा सगळा ताप वारशानेच मिळाला होता. तिच्या लोकांत घर बाईचं, आईकडून लेकीकडे जाणारं. पुरुष लग्न करून बायकोच्या घरी जातो आणि जन्मभर तिथला पाहुणा असतो. इन्याकनी दोन लग्नं केली. पहिली बायको लांबच्या सुंगाई लिंपातोची होती. ती गेली. दुसरी गावातलीच, तीही गेली. मग एक गाठोडं, एक चटई आणि कापितान घेऊन ते आईच्या घरी परत आले. ते घर तोवर भाचीचं झालं होतं. स्वयंपाकघराशेजारची, धुराने काळी झालेली खोली त्यांनी आपणहून घेतली. पण मामा म्हणजे घराचा कर्ता. त्यांच्या होकाराशिवाय सोयरीक नाही, शेतीचा निर्णय नाही. आणि होकार द्यायला ते अंगणात बसायचे, तेव्हा भोवती शिष्य बसलेले असायचे, आणि त्या सगळ्यांना कॉफी आणि केळ्याची भजी लागायची.

“मामा, तुमची पोरं बाजूला होतात ती थेट माझ्या मिरच्यांवर.”

“मग मिरच्यांना सांग, त्यांनीही व्हावं.”

“कोंबडा तरी एक कापू द्या. ईद आलीय.”

“पकडून दाखव.”

युस्निदार पळी उगारायची. इन्याक सरकायचे. पळी दाराच्या चौकटीवर आपटायची. त्या चौकटीवर एका जागी लाकूड पार खड्ड्यासारखं झालं होतं.

गावाचं म्हणाल तर इन्याकांची विद्या हळूहळू सगळ्यांच्या हाडांत मुरली होती. लस टोचायला येणारी नर्स रडकुंडीला यायची. सुई पुढे आली की पोर डावं पाऊल मागे घ्यायचं, आणि आई पोराला ओरडायचं सोडून म्हणायची, “बघा, किती सुंदर!” ओढ्यावरच्या अरुंद पुलावर दोन गावकरी समोरासमोर आले की दोघंही मागे सरकायचे. ज्याला खरंच घाई असे तो ओढ्यातून चालत जायचा.

आणि सफवान. गावात कॉफीची टपरी चालवणारा सफवान हा इन्याकांचा सगळ्यात जुना आणि लाडका शिष्य. उमेदीच्या काळात तो गावाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. तालुक्याच्या सामन्यात त्याच्यावर इतके गोल झाले की फळ्यावर लिहिणाऱ्याचा खडू संपला. पण एकही चेंडू सफवानच्या अंगाला लागला नाही. सामना संपल्यावर इन्याक मैदानात गेले आणि त्यांनी त्याला पोटाशी धरलं. गावाने सफवानला खांद्यावर बसवून घरी आणलं. जिंकलेल्या संघाला शेवटपर्यंत कळलं नाही, हे लोक कशाबद्दल नाचताहेत.

नापास काय ती युस्निदार. लहान असताना मामांनी तिलाही शिकवायला घेतलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! माडाखाली उभं केलं, वर कापितान नारळ पिरगाळतोय.

“युस, नारळ येतोय.”

“मी आधी उभी होते इथे.”

“अगं, डावं पाऊल मागे घे!”

“का? मी आधी आले!”

नारळाने हा युक्तिवाद ऐकला नाही. टेंगूळ आलं. युस्निदार रडली नाही, पण तिने तोच नारळ उचलून कापितानला फेकून मारला, आणि पुढचे कितीतरी दिवस कापितान तिला बघितलं की माडाच्या वरच्या टोकाला जाऊन बसायचा. मामांनी तिला पुन्हा कधी शिकवलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे, “तिला वाट देता येत नाही,” आणि का कोण जाणे, जरा अभिमानानेच म्हणायचे.

गेल्या रमझाननंतर इन्याक गेले. जिन्याच्या पायरीवर बसले होते, हातात कॉफीचा पेला होता. पेला सांडलाही नाही. टपरीवर यावर फार खल झाला. आयुष्यभर सगळ्यातून निसटलेला माणूस यातून कसा निसटला नाही? कुणी म्हणालं, मरण मागून आलं असणार. सफवान मात्र डोळे पुसत म्हणाला, “नाही रे. त्याला जायचं होतं, इन्याकनी वाट दिली.” मग सगळेच रडले. कापितानला युस्निदारच्या नवऱ्याने सांभाळायला घेतलं, म्हणजे खरं तर कापितानने त्याला.

आणि आता युस्निदारच्या एकुलत्या एक लेकीचं, वीताचं, लग्न आलं होतं.

मुलगा सुंगाई लिंपातोचा, इरफांदी. पोरगा गरीब, कानाची पाळी लाजून लाल होणारा. पण त्याची आई रोस्मा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिने बोलणी चालू असतानाच सांगून टाकलं होतं, “मुलगा द्यायला ना नाही. पण ज्या घरात कर्ता मामा उरला नाही, त्या घरात मुलगा द्यायचा कसा? घराला राखणदार हवा. नाहीतर उद्या माझ्या इरफांदीवर कुणीही डोळे वटारेल.”

“राखणदार आहे,” युस्निदार म्हणाली.

“कोण?”

“लग्नाच्या दिवशी बघा.”

असं ती बोलून गेली खरी. कोण, ते तिलाही माहीत नव्हतं.

हे राखण दाखवायची रीत लग्नातच होती. नवऱ्या मुलाची मिरवणूक ताशा वाजवत मुलीच्या अंगणात येते. दोन्हीकडचा एकेक सिलेक जाणणारा पुढे येतो. आधी मुलीकडच्याने तीन वार करायचे, घर राखलेलं आहे हे कळावं म्हणून. पाहुण्याने ते चुकवायचे. मग घराने बाजूला व्हायचं, पानाचं तबक पुढे करायचं, नवरा मुलगा आत. तीन वार झाल्याशिवाय वाट मिळत नाही, आणि वाट मिळाल्याशिवाय निकाह नाही. गावातल्या प्रत्येक लग्नात ते तीन वार इन्याक करायचे. कसे? शिंक यावी तसे. झाल्यावर समोरच्याची माफी मागायचे.

इन्याकांनंतरचं गावातलं हे पहिलं लग्न. तालीम अगदी झोकात झाली. सफवान बाजूला झाला, त्याच्यासमोरचा बाजूला झाला, बघणाऱ्यांनी वाहवा केली. वार कोण करणार हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जेवणावळीत मीठ कोण घालणार हे जसं कुणी विचारत नाही, आणि मग कुणीच घालत नाही, तसं.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून युस्निदार रेंदांगच्या कढईपाशी होती. नारळाच्या दुधात मांस आटवायचं काम दुसऱ्यावर सोपवण्यासारखं नव्हतं. फणसाचा रस्सा झाला होता, बांबूत शिजवलेला चिकट भात निखाऱ्यांवर टेकवून ठेवला होता. माडीवरच्या मोठ्या खोलीत वीता सोनेरी मुकुट घालून बसली होती. तो मुकुट इतका जड की मान वळवायची सोय नाही. ती खोली कालपर्यंत युस्निदारची होती. नवीन जोडप्याला घरातली सगळ्यात चांगली खोली द्यायची आणि आईबापांनी स्वयंपाकघराकडे सरकायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. कालच युस्निदारने आपली ट्रंक उचलून मामांच्या धुरकट खोलीत आणली होती. ठेवताना ती दोनदा आपटली होती.

ताशा वाजत मिरवणूक आली. पिवळ्या छत्रीखाली इरफांदी, कान लालेलाल. शेजारी रोस्मा, अंगावर एवढं जरीकाम की उन्हात बघवेना. पुढे त्यांचा सिलेकवाला सिदी मारहाबान, मोठं पोट आणि त्याहून मोठ्या मिशा.

सफवान पुढे झाला. दोघांनी हात जोडले. दोघांनी डावं पाऊल मागे घेतलं. दोघांनी अंग तिरपं केलं.

आणि दोघं वाट बघत राहिले.

सुरुवातीला लोकांना वाटलं, काय ताकद आहे! किती संयम! ताशावाल्यांनी जोर वाढवला. सफवान एक पाऊल मागे गेला, म्हणजे या. सिदी मारहाबान एक पाऊल मागे गेला, म्हणजे छे, तुम्हीच या. सफवान आणखी मागे गेला, तो कोंबड्यांच्या खुराड्याला टेकला. सिदी मागे गेला, तशी मागची छत्री मागे गेली, छत्रीखालचा इरफांदी मागे गेला, रोस्मा आणि सगळी वरात मागे गेली. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. थोड्या वेळाने युस्निदारने खिडकीतून डोकं काढलं तर जावई अंगणात असायच्या ऐवजी भाताच्या बांधावर पोचला होता.

“हे काय चाललंय?” ती नवऱ्याला म्हणाली. नवरा बागिंदो जामारिस दारातल्या बाकावर कडक टोपी घालून बसला होता.

“सिलेक चाललंय.”

“जावई शेतात चाललाय! जा, सांग कुणाला तरी.”

“मी काय सांगणार?” जामारिस म्हणाला. “मी या घरचा जावई. जावई म्हणजे ओंडक्यावरची राख. फुंकर आली की उडाली.”

“लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून उडाला नाहीस तो!” युस्निदारने खिडकीतून अंग बाहेर काढलं. “सफवान! अरे, मार त्याला!”

“कसं मारू, उनी?” सफवानचा आवाज रडवेला झाला होता. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला उनी म्हणायचा. “शिकवलंच नाही!”

“मग इतकी वर्षं माझ्या अंगणात काय केलंस?”

“बाजूला झालो!”

इकडे बांधावरून सिदी मारहाबान ओरडला, “ओ भाऊ, हे डावं पाऊल तुमच्याकडे कुठून आलं?”

“इन्याक मन्सूरांकडून.”

“माझंही त्यांचंच! पहिल्या बायकोच्या घरी राहायचे ना, आमच्या गावात? आमच्या ताडाच्या झाडाखाली शिकवायचे.”

मग काय विचारता! दोघांचे डोळे भरून आले. लांबूनच एकमेकांना पुन्हा हात जोडून झाले. पण वाराचं काही पुढे सरकेना. उलट आणखी अडलं.

“तुम्ही त्यांचे आधीचे शिष्य. पहिला मान तुमचा.”

“छे छे, तुम्ही त्यांच्या घरचे. तुम्ही करा.”

“माझ्याच्याने गुरुबंधूवर हात कसा उचलवेल?”

“मग मला तरी कसा चुकवावासा वाटेल?”

जमलेल्या गावकऱ्यांपैकी सफवानने एकेकाला पुढे ढकलून पाहिलं. ज्याला ढकलायला जावं तो बाजूला व्हायचा. सफवानच तोंडघशी पडायचा.

काझीने घड्याळाकडे बघितलं. त्याला दुपारच्या नमाजाआधी पलीकडच्या गावात आणखी एक निकाह लावायचा होता. त्याने चपला शोधायला सुरुवात केली. ताशावाल्यांचे हात दुखायला लागले. आणि रोस्माने जरीचा पदर खांद्यावर घट्ट ओढला.

“बघितलंत?” ती आपल्या बहिणींना म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “घराला राखणदार नाही. मी म्हणतच होते. चला रे, फिरवा ती छत्री.”

छत्री फिरली. इरफांदी फिरला, पण त्याची मान मागेच राहिली. वर खिडकीत वीता मान न वळवता फक्त डोळे वळवून आईला हाक मारत ओरडली, “अमाक! ते निघाले!”

युस्निदारच्या हातात पळी होती. तिच्यावरून रेंदांगचा तेलकट मसाला ठिबकत होता. नवऱ्या मुलाने उंबरा ओलांडेपर्यंत मुलीच्या आईने बाहेर यायचं नसतं. ती आली. पायऱ्या उतरली, कोंबड्यांमधून गेली, अंगण ओलांडलं, बांधावर चढली. समोर आलेली सगळी माणसं बाजूला झाली. ते त्यांना फार छान जमत होतं.

“सिदी,” ती म्हणाली, “उभे रहा नीट.”

“अहो, ताई, तुम्ही—”

पहिला वार मिशांवरून गेला. सिदी मारहाबानचं पोट मोठं होतं, वय झालं होतं, पण डावं पाऊल आपोआप मागे गेलं. पळी हवेतून सूं करत गेली आणि रेंदांगचा एक ओघळ त्याच्या कोटावर राहिला. हा वार होता. खराखुरा. असा वार कांपुंग जांबाकमध्ये कुणी कधी बघितलाच नव्हता. इन्याकांचे वार म्हणजे माफीनामे होते.

दुसरा वार. सिदी पुन्हा तिरपा. मागची छत्री वाकडी झाली. इरफांदी खाली बसला.

तिसऱ्या वाराला युस्निदारने मामांचा, सफवानचा, कोंबड्यांचा, मिरच्यांचा, काल आपटलेल्या ट्रंकेचा, सगळ्यांचा राग एकत्र करून पळी फिरवली. सिदी मारहाबान इतका सुंदर बाजूला झाला की बांध संपला आणि तो कमरेपर्यंत भाताच्या चिखलात उभा राहिला. तिथूनही त्याने हात जोडले.

“वाहवा!” तो मनापासून म्हणाला.

युस्निदारने पळी रोस्माकडे केली. “राखणदार बघायचा होता ना, उनी रोस्मा?”

रोस्माने पळीकडे बघितलं, चिखलातल्या सिदीकडे बघितलं. “फिरवा ती छत्री,” ती जरा हळू आवाजात म्हणाली. “इकडे. घराकडे.”

ताशा पुन्हा सुरू झाला. युस्निदार पुढे, तिच्यामागे वरात, अशी सगळी पायऱ्यांपाशी आली. काझीने एक चप्पल घातली होती ती काढली. युस्निदार पहिल्या पायरीसमोर वळून उभी राहिली, हातात पळी, आणि इरफांदी तिच्यासमोर आला.

आता एकच राहिलं होतं. घराने बाजूला व्हायचं.

ताशा थांबला. सगळं अंगण तिच्या पायाकडे बघायला लागलं.

“उनी,” सफवान कुजबुजला, “आता वाट द्यायची.”

“मला माहिताय.”

“डावं पाऊल—”

“माहिताय म्हटलं ना!”

पण पाऊल हलेना. युस्निदारला स्वतःलाच समजेना. ही पायरी तिची. घर तिचं, तिच्या आईचं, आजीचं. वरची खोली, तिच्या खिडकीतला वारा, उजवीकडची भिंत, जिच्यावर वीताच्या उंचीच्या रेघा होत्या, सगळं तिचं. हा लाल कानांचा पोरगा आता त्या खोलीत झोपणार, आणि ती धुरात. मी आधी उभी होते इथे, असं तिच्या ओठांवर आलं होतं. टेंगूळ ठणकायला लागलं.

इरफांदीने मान खाली घातली. “आई,” तो म्हणाला, “घाई नाही. मी थांबतो.” आणि त्याने, सुंगाई लिंपातोच्या ताडाखाली शिकलेल्या कुणाकडून तरी उचललेलं, डावं पाऊल हळूच मागे घेतलं.

“अजिबात मागे जायचं नाही!” युस्निदार किंचाळली.

“अमाक, माझी मान मोडली!” वरून वीता.

त्याला कुठेतरी जायचं असेल. आपण कशाला आडवं यायचं? हे कुणी म्हटलं नाही. पण कॉफीचे पेले भरताना, भजी तळताना, मिरच्या पुन्हा लावताना युस्निदारने हे इतक्या संध्याकाळी ऐकलं होतं की कुणी म्हणायची गरजच नव्हती.

तिने डावं पाऊल मागे घेतलं. अंग तिरपं केलं. फार वाईट केलं. सिलेकच्या कुठल्याही गुरूने डोळे मिटून घेतले असते. तोल गेला, पळी उडाली आणि युस्निदार मागच्या मागे आपल्याच मिरच्यांच्या वाफ्यात बसली.

अंगणात असा जल्लोष झाला की कोंबडे छपरावर गेले. सफवान मैदानातल्या त्या दिवसासारखा रडायला लागला. इरफांदी सासूला उठवावं की आत जावं या पेचात एक पाय हवेत धरून उभा राहिला.

“आत जा रे बाबा!” मिरच्यांतून युस्निदार म्हणाली. “दिलीय ना वाट!”

तो गेला. निकाह लागला. काझी पलीकडच्या गावाला वेळेत पोचला म्हणतात, पूल चुकवून, ओढ्यातून.

पंगतीत सिदी मारहाबान कोरडे कपडे घालून बसला. ते कपडे जामारिसचे होते, म्हणून पोटावर बटणं लागत नव्हती. युस्निदार वाढायला आली तेव्हा त्याने हात आडवा धरला.

“ताई, तुम्हीच का ती भाची?”

“कुठली?”

“इन्याक सांगायचे. तेव्हा तुम्ही एवढ्याशा असाल. म्हणायचे, लोकांना मी माकड सांगतो, माकडच बरं दिसतं. खरं म्हणजे घरी एक भाची आहे. ती कधी बाजूला होत नाही. त्या घरात जायचं तर दर वेळी मलाच व्हावं लागतं. माझं सगळं सिलेक तिथलं.”

युस्निदारने त्याच्या पानात रेंदांग वाढलं. मग आणखी वाढलं. मग पान भरून वाहायला लागलं तरी वाढत राहिली, तेव्हा सिदीनेच पान हळूच डावीकडे सरकवलं.

“मामा खोटं फार बोलायचे,” ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसत स्वयंपाकघराकडे वळली. कढई अजून चुलीवर होती.

दारात सफवान आला, हातात पानांचं तबक. तो बाहेर निघाला होता, ती आत. सफवान सवयीने बाजूला झाला.

आणि युस्निदारही झाली.

दोघं थांबले. चौकटीवरचा खड्डा दोघांच्या मधोमध होता.

“जा ना,” ती म्हणाली.

“नाही उनी, तुम्ही आधी.”

“अरे, तुझ्या हातात तबक आहे.”

“तुमची कढई आहे.”

“तू जा म्हणते ना!”

सफवान आणखी मागे सरकला. युस्निदारही, जरा अवघडून, तिरपी होऊन, आणखी मागे सरकली. आत रेंदांग करपायला लागलं.